शेवटच्या घरची भाकर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी सुनंदा माहेरी खापरावर पुरणाच्या पोळ्या टाकत होती आणि ओट्यावर बसलेले आबा मुलाशी चकार शब्द बोलत नव्हते...

अमळनेरपासून जवळच ते गाव. शहाण्णवची निवडणूक तोंडावर होती. धाकटा भाऊ अभिमन आता आबांच्याच पक्षाचा तालुकाध्यक्ष होता आणि पक्षाने या वेळी उभा केलेला उमेदवार, आणीबाणीत आबांना पोलिसांनी नेलं तेव्हा सत्ताधाऱ्यांच्या बाजूने हसत उभा होता!

"अक्का, पोळ्यांचा डबा भर," अभिमन घाईत म्हणाला. "उमेदवार आज वनाच्या घरी जेवणार. फोटोवालाही सांगितलाय."

प्रचाराला गेलेल्या कार्यकर्त्याने गावातल्या शेवटच्या घरी, त्यांच्या चुलीवर जे असेल ते जेवायचं... पक्षाचे पहिले नेते काकासाहेब यांचा हा दंडक. आबांनी तो उभा जन्म पाळला होता. आणि या गावातलं शेवटचं घर वनाचं.

"का रे, वनानी चूल आज बंद शे का?" आबांनी विचारलं.

"त्याच्या घरचं साहेबांना सोसेल का, आबा? काळ बदलला. विचार काकासाहेबांचाच आहे, फक्त रस्ता वेगळा."

"रस्ता दुसरा धरा, तं गाव बी दुसरंच येस, भाऊ."

अभिमनचा तोल गेला. "आणि तुमचा रस्ता कुठे गेला? तुम्ही तुरुंगात, आणि अक्काचं कॉलेज सुटलं! विचारा तिला!"

आबांनी सुनंदाकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न होता, किती वर्षांचा कोण जाणे... उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. पण भावाला उणं ठरवून बापाची बाजू घेणं तिला कधी जमलंच नव्हतं. तिने मान खाली घालून पोळी उलटली.

संध्याकाळी आबा एकटेच वनाकडे गेले. परतले ते दाराआडून पाहणाऱ्या लेकीला एवढंच म्हणाले, "पोट भरनं, माय." सकाळी पितरांची घागर भरायला ती त्यांना उठवायला गेली, आणि... आबा उठलेच नाहीत!

तेरावं झाल्यावर पारावर शोकसभा भरली. उमेदवाराने हात जोडून सांगितलं, "पितांबर आबांचाच विचार आम्ही पुढे नेत आहोत." टाळ्या पडल्या. गर्दीच्या मागे वना उकिडवा बसला होता. सकाळीच तो सुनंदाला सांगून गेला होता, "ताई, साहेबांच्या उरलेल्या पोळ्या घरात होत्या. आबांनी हात लावला नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर मागून खाल्ली. म्हणे, 'मन्ही पोर मन्हामुये शिकनी नही... येवढंच सलस.'"

तेव्हापासून तिच्या काळजात जणू खापर तापत होतं. तो सल उरात घेऊन आबा गेले. आणि तिच्या एका वाक्याने तो निघाला असता!

"अक्का, आभाराचे दोन शब्द बोल," अभिमनने माईक पुढे केला. त्याचे डोळे लाल होते. बापाशी शेवटचं बोलणं भांडणाचं झालं, हे त्यालाही खात होतं.

सुनंदा उठली. तिने माईक घेतला आणि आबांच्या फोटोकडे पाहिलं.

"आबा, माझं कॉलेज तुमच्यामुळे सुटलं नाही. मी सोडलं, माझ्या मनाने. घराची एक बाजू कोणीतरी धरायची होती, ती मी धरली, आणि त्याचा मला अभिमान होता. तुम्ही विचारलंत तेव्हा बोलले नाही... आज बोलते."

उमेदवाराने घड्याळ पाहिलं. ती भावाकडे वळली.

"ज्या विचारासाठी मी ते सोडलं, तो इथे राहिलेला नाही, अभिमन. काकासाहेब शेवटच्या घरी जेवायला जायचे. तुम्ही त्या घरी डबा घेऊन गेलात. आबांचं नाव घ्यायचं तर आधी त्या चुलीपाशी बसायला शिका."

अभिमनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्याने खांद्यावरचा पक्षाचा गमछा काढला, हातात घट्ट धरला आणि लहानपणी विचारायचा तसं विचारलं, "मग मी काय करू, अक्का?"

"फेकू नको तो. आबांचाही आहे. चल, वनाभाऊंकडे आज आपण दोघं जेवू... आणि रिकाम्या हाताने चल!"