कवडीवरचा आळ

शाल सापडली ती रविवारी सकाळी, सूर्यकांतांच्या खोलीत, फरशीवर. म्हणजे शालीचं जे उरलं होतं ते. प्रमोदिनीबाईंनी जांभळ्या लोकरीचे तुकडे गोळा केले, उशीच्या अभ्र्यात भरले आणि तो अभ्रा मांडीवर घेऊन सोफ्यावर बसल्या. रडल्या नाहीत. सूर्यकांत, त्यांचा नवरा, गेल्यापासून त्या कशालाच रडल्या नव्हत्या.

"घेऊन जाऊ दे तिला," त्या मुलाला, ध्रुवला, म्हणाल्या. एवढंच.

ती म्हणजे कवडी, वर्षही न भरलेली पांढरी मांजरी. सूर्यकांतांनी तिला बंगळुरूच्या शिवाजीनगर बाजारातून आणलं होतं, तेव्हा ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मावली होती. आता ते नव्हते आणि ती हेब्बाळच्या या फ्लॅटची धूळधाण करत होती. सोफ्याचे कोपरे उसवले होते. जेवणाच्या टेबलाचे पाय ओरबाडले होते. दारांच्या चौकटी सोलल्या होत्या. ध्रुव रोज म्हणायचा, देऊन टाकू. आई रोज म्हणायची, राहू दे. आज आईने मान तुकवली होती आणि संध्याकाळी प्राणी सांभाळणाऱ्या एका संस्थेची गाडी कवडीला न्यायला येणार होती.

ध्रुवची बायको मैत्रेयी खालच्या मजल्यावर गेली आणि शिवलीला अक्कांना घेऊन आली.

अक्का निपाणीकडच्या. घरात मराठी, बाजारात कानडी. बेळगावात पोलिस खात्यात हयात घालवून त्या लेकीकडे बंगळुरूला राहायला आल्या होत्या. निवृत्त पोलिसाला सोसायटीत काम ते काय, हरवलेल्या चपला शोधून द्यायच्या. अक्का तेही मन लावून करत.

"अक्का, मला पटत नाहीये," जिन्यात मैत्रेयी म्हणाली. "का, ते नाही सांगता येत."

"बघूया की."

मैत्रेयीच्या काळ्या कुर्त्यावर जागोजागी पांढरे केस होते. अक्का सोफ्यावर टेकल्या तर त्यांच्या निळ्या साडीलाही चिकटले.

"या घरात भातातसुद्धा सापडतात," मैत्रेयी म्हणाली.

अक्कांनी अभ्रा मागून घेतला. टेबलावर एकेक तुकडा मांडला. चष्मा चढवला. लोकरीवरून तळवा फिरवला, मग तळवा उलटा करून पाहिला. टेबलाखाली कवडी मागच्या पायांवर उभी राहून टेबलाचा पाय खरवडत होती. तिला कोणी हाकललं नाही. हाकलायचंही त्राण त्या घरात कुणात राहिलं नव्हतं.

"ही नासधूस कधीपासनं?" अक्कांनी मैत्रेयीला विचारलं.

"बाबा गेल्यावर. म्हणजे लगेच नाही. पाहुणे होते तोवर ठीक होती. तेरावं झालं आणि सुरू झालं."

"त्याआधी सोफा?"

"कधी नखसुद्धा लावलं नव्हतं."

"तेराव्याला काय काय केलंत?"

"सगळं रीतसर केलं. गुरुजींना शय्यादान दिलं. बाबांची बाज, गादी, छत्री, चपला."

"बाज? बंगळुरात?"

"मिरजेहून आणली होती त्यांनी, सुंभाची. पलंगावर झोप लागत नाही म्हणायचे. गुरुजींच्या टेम्पोत मावता मावत नव्हती."

अक्का उठल्या. बाल्कनीत ध्रुव लॅपटॉप उघडून बसला होता. पडद्यावर काहीच हलत नव्हतं. वडिलांच्या वेळी त्याने सगळं एकट्याने निभावलं होतं, डोळ्यांतून टिपूस न काढता. मुलगा धीराचा आहे, असं येणारे जाणारे म्हणाले होते. धीर आणि बधिरपणा लांबून सारखेच दिसतात.

"शाल कुठं असायची रे बाळ?"

"बाबांच्या कपाटात. आई पिशवीत घालून ठेवते. बाबांचा वास जाऊ नये म्हणून."

"मग मांजराला मिळाली कशी?"

"कपाट उघडं राहिलं असेल रात्री."

"तुला हे मांजर नको झालंय."

"घर बघताय ना तुम्ही?"

"बघते की. बरी गाडी मिळाली, आज सांगितलं आणि आजच येणार."

"त्या लोकांना आदल्या दिवशी सांगावं लागतं. नाहीतर ते इकडे फिरकत नाहीत." त्याने लॅपटॉप मिटला. "अक्का, मला खरंच काम आहे."

"सरी, बरं," म्हणून अक्का आत आल्या.

प्रमोदिनीबाई तशाच बसल्या होत्या.

"ताई, कपाट तुम्ही उघडं ठेवलं होतं?"

"ठेवलं असेन. हल्ली काय ठेवते नि काय नाही."

"दिवसभर काय करता?"

"दुपारी शाल काढते, हुंगते, परत ठेवते. संध्याकाळी इथे बसते. हे फिरून यायचे त्या सुमाराला लिफ्ट वाजली की कवडी दाराशी धावते. मग मी उठून दार उघडते."

"रोज?"

"रोज."

"ध्रुव तेव्हा घरी असतो?"

"असतो. हल्ली घरूनच काम करतो. पण तो आत निघून जातो."

अक्कांनी तिघांना टेबलाभोवती बसवलं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही," त्या म्हणाल्या. "इथं गुन्हे दोन आहेत, आणि तुम्ही दोन्हीला आरोपी एकच धरलाय. पहिला गुन्हा सोफ्याचा. तो कवडीनंच केलाय. पण कुठं कुठं ते बघा. कोपरे, पाय, चौकटी. सगळं उभं. उशांना हात नाही, पडद्यांना हात नाही. मैत्रेयी, ही आधी नखं कशावर घासायची?"

मैत्रेयीने टेबलाखाली कवडीकडे पाहिलं. मग तिने कपाळावर हात मारला. "बाजेवर. बाजेच्या पायाला बाबांनी सुंभ गुंडाळून दिला होता तिला."

"झालं तर. मांजर नखं घासणारच, तो त्याचा स्वभाव आहे. तुम्ही बाज दान केली. चांगलं केलंत, सासऱ्याच्या पुण्याला लागली. पण त्यात या पोरीचंही सामान गेलं, आणि तिला कोण विचारणार? वर तिच्याशी खेळणाराही गेला. खेळतं कोणी?"

कवडी टेबलाचा पाय खरवडतच होती.

"चिकपेटेच्या बाजारातनं सुंभ आणा. एका जाड खांबाला घट्ट गुंडाळून सोफ्याशेजारी उभा करा. संध्याकाळी स्वल्प वेळ दोरी नाचवा तिच्यापुढं, दमेपर्यंत, आणि मग खायला घाला. सोफा वाचतो की नाही बघा. हा झाला पहिला गुन्हा."

त्यांनी शालीचे तुकडे पुढे सरकवले.

"आता हात लावा याला. एक पांढरा केस दिसतो? या घरात पाहुणीच्या साडीला केस चिकटतात. आणि मांजरानं शाल फाडली, कपाटातनं ओढून खोलीभर केली, नि केस एक नाही? मांजर धागे ओढतं, भोकं पाडतं. या कडा बघा, सरळ आहेत. ही कात्री आहे."

"पण कोण असं..." मैत्रेयी थांबली.

"शाल आज सकाळी सापडली. तोवर ताई मांजर द्यायला तयार नव्हत्या. गाडीला मात्र आदल्या दिवशी सांगावं लागतं. म्हणजे ताई आज हो म्हणणार हे कालच कुणाला तरी ठाऊक होतं." अक्कांनी ध्रुवकडे पाहिलं. "डोळे मिटून दूध पिणं मांजराला शोभतं, बाळ."

ध्रुवने नाकारलं नाही. तेवढीही शक्ती त्याच्यात दिसली नाही.

"मी कापली. बाकी काहीही फाटलं तरी आई ऐकत नव्हती."

"मांजरीचा एवढा राग?" मैत्रेयी म्हणाली.

"राग नाही गं. आई रोज दार उघडते. लिफ्ट वाजते, ही धावते, आई उठते. बाहेर कोणी नसतं. मी आत बसून ऐकतो. कडी निघते, कडी लागते. बाबा गेल्यापासून मला काही म्हणजे काही वाटत नाही. जेवतो, कॉल घेतो, झोपतो. फक्त ती कडी सहन होत नाही. वाटलं, मांजर गेली की आई दार उघडायची थांबेल. ते येतील असं वाटणं थांबेल तिचं."

प्रमोदिनीबाईंनी मान वर केली.

"ते येतील असं मला वाटतं?" त्या म्हणाल्या. "अरे, त्यांच्या तोंडात गंगाजल मी घातलं. ते येणार नाहीत हे मला कळत नाही होय? कळत नाही ते हिला. हिला कोण सांगणार? म्हणून दार उघडून दाखवते. बघ बाई, कोणी नाही. बघते बिचारी, आणि माझ्या पायाशी येऊन बसते."

त्यांनी वाकून कवडीच्या पाठीवरून हात फिरवला.

"तू आतच बसायचास. तुला कसं दिसणार होतं?"

ध्रुवने शालीचे तुकडे अभ्र्यात भरायला घेतले.

"त्या शालीत त्यांचा वास होता," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "तो आता गेला. हे मी विसरायची नाही. पण मांजर इथून हलणार नाही. फोन कर त्या गाडीवाल्या माणसाला."

ध्रुवने फोन लावला. पलीकडून हॅलो आलं. पुन्हा आलं. ध्रुवच्या घशातून काहीतरी भलताच आवाज निघाला आणि तो टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडू लागला, बाप गेल्यापासून पहिल्यांदाच. आईने उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिचेही डोळे भरले होते.

मैत्रेयीने त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि पलीकडच्या माणसाला हिंदीत सांगितलं, गाडी पाठवू नका, मांजर घरीच राहणार आहे.