पापलेटच्या वाटणीचा बर्फ

पनवेलच्या उरण नाक्यावरच्या मासळी बाजारात विनिता थर्माकोलची रिकामी पेटी काखोटीला मारून बर्फासाठी वणवण फिरत होती. तिच्या खारघरच्या प्रयोगशाळेतलं बर्फाचं मशीन ऐन वेळी रुसलं होतं. महिनोन् महिने खपून शुद्ध केलेलं एन्झाइम बर्फाशिवाय फ्रीझरबाहेर काढायची सोय नव्हती. आणि बाजारात बर्फवाला 'संपला' म्हणून हात झटकून मोकळा!

टेम्पोतून पापलेट उतरवणाऱ्या प्रितेशनं, करंजा बंदरावरच्या कोळ्याच्या पोरानं, तिची तगमग पाहिली.

"काय ठेवायचं हाय? सुरमई?"

"एन्झाइम."

"ताजं हाय ना?"

तिला हसू आवरेना. त्यानं पापलेटसाठी राखलेली बर्फाची कोरी गोणी सोडली आणि तिची पेटी काठोकाठ भरून दिली.

मग काय, पनवेलला मासळी टाकली की परतताना त्याचा टेम्पो मुद्दाम वाट वाकडी करून बर्फ घेऊन प्रयोगशाळेच्या गेटवर यायचा. तिथं उभ्याउभ्याच तिनं त्याला सांगितलं, की पेशीतला डीएनए तुटला की हे एन्झाइम धावत जातं, आसपासच्या प्रथिनांना एडीपी-रायबोज नावाच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या जोडतं, आणि त्या साखळ्यांमुळे दुरुस्ती करणारे तिथं गोळा होतात. कॅन्सरच्या पेशीत मात्र त्याला रोखून ही दुरुस्ती कशी थांबवायची, हे ती शोधत होती. तो मन लावून ऐकायचा... आणि ती त्याच्या पापण्यांकडे बघत बसायची.

मशीन पंधरवड्यातच दुरुस्त झालं. पण बाईसाहेबांनी गेटवर चकार शब्द काढला नाही. लबाड कुठली! आलेला बर्फ गुपचूप बेसिनमध्ये ओतायची आणि प्रयोगशाळेतली मैत्रीण कोमल तिच्याकडे बघून गालात हसायची.

जून लागला, मासेमारीची बंदी आली. ओवे गावच्या आगऱ्याची लेक ती, बंदी म्हणजे काय हे तिला कुणी सांगायला नको. होड्या किनाऱ्यावर, टेम्पो घरी. आता तो कशाला येतोय!

आणि टेम्पो आला. आत मासळी नाही, नुसती बर्फाची एक पेटी.

"होड्या तर वर काढल्यात ना?" तिनं पेटी हातात घेत विचारलं.

"काढल्या." तो खालीच बघत होता. "पन तुमचं काम अडायला नको... मॅडम, काम झाल्यावर तुमचं ते एन्झाइम काय करतं?"

"त्याला स्वतःलाच इतक्या साखळ्या जोडल्या जातात, की ते सुटतं... निघून जातं."

"हां. तुमी पन जाल. शिकलेली मानसं परदेशातच जातात."

त्याचा आवाज असा काही पडला, की विनिताला राहवेना. एवढी शिकलेली मुलगी, पण तोंडात आली ती घरचीच बोली.

"मशीन कवाच चालू झालंय. तुजा बर्फ मी रोज बेसिनात ओतते, प्रितेश. एन्झाइम जातं, मी नाय जानार कुठं. बर्फ नको आनू... तू ये."

प्रितेशनं तिच्या हातातली पेटी काढून टेम्पोत ठेवली, आणि पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी तिच्यासमोर उभा राहिला.