रोज उगवणारी फाइल

“माझा नवरा जाऊन चार महिने झाले,” ताईंकडे आलेली बाई म्हणाली, “आणि तो रोज दुपारी येऊन जातो.”

मास्तरांच्या अंगावर काटा आला. चित्रकलेची नोकरी संपल्यापासून ते ताईंबरोबर तपासाला जात, पण भुतांशी अजून गाठ पडली नव्हती. ताईंनी फक्त खुर्ची पुढे ओढली.

तिचा नवरा पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचा. घरातलीच मागची खोली त्याचा स्टुडिओ. शेवटच्या आजारात त्यानं तिला सांगितलं होतं की, तुझ्यासाठी एक रेकॉर्डिंग ठेवलंय. रोज रात्री तुला जे विचारतो, तेच त्याचं नाव. तो विचारायचा, ‘झोपलीस का?’

घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचं एक सामायिक फोल्डर होतं. तिच्या लॅपटॉपवर त्यात या नावाचं काहीच नव्हतं. होत्या दोन फाइली, अगम्य इंग्रजी अक्षरांच्या. मोठी उघडत नव्हती. चिमुकली फाइल ती रोज पुसायची आणि संध्याकाळी शाळेत शिकवून परतली की फाइल पुन्हा हजर, तिच्यावर वेळ दुपारची.

रेकॉर्डिंग दिरानंच पुसलं, असं ती त्याच्या तोंडावर बोलली होती. आता तो घर सोडून चालला होता.

ताई आणि मास्तर तिच्याबरोबर घरी पोहोचले तेव्हा दीर बॅग भरत होता. सगळे कॉम्प्युटर जोडणारा, ते फोल्डर सांभाळणारा लिनक्सचा डबा त्यानंच बसवला होता, हे त्यानं नाकारलं नाही. “पण आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा वहिनी तिच्याजवळ दवाखान्यात होती. मी इथे एकटा होतो. त्या दिवसांत ती फाइल आली नाही. विचारा तिला.”

तिनं होकारार्थी मान हलवली.

“बाईच करत असेल,” मास्तर पुटपुटले. “दुःखानं.”

सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. मुलाच्या खोलीत जाता का, असं ताईंनी विचारलं. “साखर कमीच घालते,” त्या म्हणाल्या. ताईंनी मोठ्यानं पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी नजर वळवली. तो गेल्यापासून तिथे पाऊल टाकलं नाही, म्हणाल्या.

खोलीच्या भिंतींना फोम होता. दार लागलं आणि बाहेरचं जग पुसलं गेलं. मास्तरांना स्वतःचाच श्वास ऐकू येऊ लागला आणि तो आपलाच आहे ना, अशी शंका आली. ताईंनी मेजावरच्या त्याच्या मॅक कॉम्प्युटरवरून बोट फिरवलं. धूळ नव्हती. हेडफोन लावून त्यांनी काहीतरी सुरू केलं आणि झटक्यात तो कानावरून काढला. आवाज पूर्ण वाढवलेला होता.

त्यांनी सगळ्यांना तिथेच बोलावलं.

“रेकॉर्डिंग कोणी पुसलेलं नाही. त्याच्या नावात प्रश्नचिन्ह आहे. मॅकला ते चालतं, लिनक्सला चालतं. विंडोजला चालत नाही. तुमचा लॅपटॉप विंडोजचा. म्हणून मधल्या डब्यानं त्याच्यासाठी भलतंच नाव जुळवलं, आणि ते आवाजाचं आहे हे लॅपटॉपला कळेना. ती न उघडणारी मोठी फाइल तुमचीच आहे.”

“आणि ती छोटी?” सुनेनं विचारलं.

“मॅकवरून फाइल उघडली की मॅक आपल्या खुणा शेजारी एका चिमुकल्या फाइलीत ठेवतो. स्वतः ती दाखवत नाही, विंडोजवर दिसते. तुम्ही पुसायच्या, दुपारी इथे कोणी रेकॉर्डिंग उघडलं की ती पुन्हा तयार व्हायची. तुम्ही तेव्हा शाळेत. दीर एकटे असताना ती आलीच नाही. दवाखान्यात आणखी कोण होतं? आणि इतका मोठा आवाज कोणाला लागतो?”

सासूबाई खुर्चीचा हात धरून उभ्या होत्या.

“चालू कसं करायचं, ते त्यानंच शिकवलं होतं,” त्या म्हणाल्या. “त्यात तो तुला म्हणतो, इथे अडकून राहू नकोस, दुसरा संसार कर. तू गेलीस तर त्याचं म्हणून या घरात कोण उरणार? म्हणून बोलले नाही. पण आवाज त्याचा होता गं. सोडवेना.”

ताईंनी हेडफोनची वायर काढून फाइलवर क्लिक केलं आणि मास्तरांना बाहेर चलण्याची खूण केली. दार लागेपर्यंत मास्तरांना एका पुरुषाचा शांत, दमलेला आवाज ऐकू आला.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. सून जमिनीवर बसली होती, सासूबाईंचे पाय धरून.

“रोज हे ऐकत होतात?” ती विचारत होती. “एकट्या?”