ताटातला बोंबील

"माझ्या वडिलांच्या ताटातले मासे चोरीला जातात," विक्रांत कीर्तिकर म्हणाला आणि स्वतःच ओशाळला.

खासगी तपासनीस यशोदाबाई धुरंधर हसल्या नाहीत. त्यांचा भाचा राजस मात्र हसला. "मांजर असेल!"

"मांजर नाही, आमच्या स्वयंपाकाच्या अंबिकाबाई. बाबांना दोन महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. डावा हात अजून अधू आहे. स्वयंपाक जमत नाही, म्हणून त्या येतात. बाबा रोज म्हणतात, ताटात बोंबील नसतो. काल बाईंच्या डब्यात तळलेले बोंबील सापडले. ज्या ब्युरोने त्यांना पाठवलं, तिथे आज तक्रार करणार आहे. पुन्हा कुठे काम मिळायचं नाही त्यांना."

"आधी त्यांचं आजचं जेवण मला बघू द्या," यशोदाबाई म्हणाल्या.

शिवाजी पार्कच्या घरी विक्रांतचे वडील मनमोहनराव शब्दकोडं सोडवत बसले होते. उजवा गाल तुळतुळीत, डाव्यावर पांढरे खुंट. राजस त्यांच्या उजवीकडे बसला, यशोदाबाई डावीकडे.

"मासळी कधीपासून मिळत नाही?" यशोदाबाईंनी विचारलं.

"आजारातून उठल्यापासून!" मनमोहनराव राजसकडे बघत म्हणाले. "तळल्याचा वास घरभर, आणि ताटात भात, आमटी, भाजी. चटणीसुद्धा नाही. मी काय चातुर्मास पाळतोय?"

कोड्यातली उजवीकडची घरं भरली होती, डावीकडची कोरी होती.

स्वयंपाकघरात अंबिका बोंबलांना रवा लावत होती.

"मी रोज वाढते हो, ताई. काका तसंच ठेवतात. कोशिंबीरपण. अन्न टाकायला जीव होत नाही, म्हणून नेते. विचारलं नाही, ते चुकलं माझं. पण चोरी नाय केली."

बाहेर येताच राजस कुजबुजला, "मावशी, दोघांपैकी एक खोटं बोलतंय."

"आणि दोघंही खरं बोलत असतील तर?"

ताट आलं. उजवीकडे भाजी, आमटी. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि दोन कुरकुरीत बोंबील.

"बघ, विक्रांत! आजही नाहीत!" मनमोहनराव कडाडले.

विक्रांत ताटाकडे बघतच राहिला.

"तुम्ही कधी यांच्या जेवणाच्या वेळी समोर बसलात?" यशोदाबाईंनी विचारलं.

"दुपारी ऑफिस असतं."

यशोदाबाईंनी ताट अर्धं फिरवलं.

"अरे, बोंबील!" मनमोहनराव खुलले. मग गोंधळले. "पण आमटी कुठे गेली?"

कोणी हसलं नाही.

"डोळे चांगले आहेत," यशोदाबाई सावकाश म्हणाल्या. "पण पक्षाघातानंतर कधीकधी मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही. राजस, तुला वाटलं असेल, हात अधू म्हणून दाढी अर्धी. पण दाढी ते उजव्या हाताने करतात. कोडंही अर्धंच सुटलेलं. मी डावीकडून विचारलं, तर उत्तर तुला मिळालं. आपल्याकडे चटणी, कोशिंबीर, तळण वाढतात डावीकडे. अंबिकाबाईंनी रीत पाळली, आणि त्या रीतीनेच त्यांना चोर ठरवलं. भाजी-आमटीची तक्रार कधी आली का? डॉक्टरांना आजच दाखवा."

विक्रांतने मान खाली घातली. "अंबिकाबाई, माफ करा. तक्रार होणार नाही."

मनमोहनरावांचा घास हातातच राहिला. "मी तुला चोर म्हणालो गं."

"म्हणालात, काका." अंबिका म्हणाली. "घरी लेकीला सांगायची हिंमत झाली नाही."

तिने पदराने हात पुसले, खुर्ची ओढली आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसली.

"आता मी रोज इथे बसणार. हाक मारली की इकडे बघायचं. काका!"

मनमोहनरावांनी मान वळवली. आणखी वळवली. ती दिसेपर्यंत थांबले नाहीत.