चौदाचा पाना

वास येतोय, एवढीच तक्रार होती. गाडी सात माणसांची, ऐसपैस. मागच्या सीटवर बिस्किटांचा चुरा, खिडकीला चिकटवलेला कागदी मासा आणि एक छोटासा लाल बूट. गाडीवाला बोलायला गोड. बरोबर बायको आणि एक चिमुरडी, एका पायात बूट घातलेली.

“काहीतरी जळकं, तेलकट येतं बघा,” बायको म्हणाली. “हिला सारखं मळमळतं.”

गॅरेजवाल्या ताईने बॉनेट उघडायच्या आधीच ओळखलं. गिअरबॉक्सचं तेल. हा वास तिच्या नाकात लहानपणापासून बसला होता. तिचा दादा कितीही हात घासून जेवायला बसला, तरी ताटावर हाच वास यायचा. “भाजीत मी घातलेलं तेल कुठलं आणि तुझ्या हाताचं कुठलं, कळेल तर शपथ!” असं आई करवादायची, आणि तो दात काढायचा.

गॅरेज दादाचंच. वर्षापूर्वी सायकलवरून घरी येताना कुणीतरी त्याला उडवलं आणि थांबायचे कष्टही घेतले नाहीत. दादा जागीच गेला. ‘तपास चालू आहे’ हे ऐकून ऐकून ताईचे कान किटले. तिने गॅरेज चालू ठेवलं, आणि त्याहून नेटाने राग चालू ठेवला. दारात येणाऱ्या प्रत्येक गाडीचं तोंड ती निरखून पाहायची. तो माणूस एकदा समोर येऊ दे, पुढचं मी बघते, एवढंच तिचं मागणं होतं.

गाडीखाली तेलाचा एक पाइप सांध्यापाशी ओलसर होता. थेंब तापलेल्या सायलेन्सरवर पडत असणार. तिने पाइप बदलला, सगळं पुसून काढलं, चक्कर मारून आणली. वास गेला.

आठवड्याभरात गाडी परत दारात.

“आता तर जास्तच येतो हो,” गाडीवाला म्हणाला. “मी चालवायला बसलो की येतो. ही चालवते तेव्हा नाही.”

“नाकाचे लाड,” बायको हसून म्हणाली. गाडी ठेवून ते रिक्षाने गेले.

तेल काठोकाठ होतं. नवा पाइप कोरडा ठणठणीत. ताईने गाडीची खालची बाजू धुतली, वाळवली आणि गिअरबॉक्सवर सगळीकडे पांढरी पावडर मारली. गळती कितीही बारीक असो, पावडरीवर तेलाचा लाल डाग उमटतोच. गावाबाहेरपर्यंत फिरवून आणून तिने गाडी लिफ्टवर चढवली.

डाग एकही नव्हता. मात्र गिअरबॉक्सखालच्या लोखंडी पत्र्याच्या प्रत्येक बोल्टाभोवती खडूचा गोल होता.

ही दादाची रीत. जे उघडायचं, त्याच्याभोवती खडूने गोल. आपणच सवयीने काढले असतील, असं तिने स्वतःला समजावलं. पण तिचे गोल नीट जुळायचे. दादाचा गोल कधी जुळला नाही. दोन टोकं एकमेकांना चुकून पुढे जायची. हीही चुकलेली होती.

तिने पत्रा उतरवला. पुढून तो आत चेपलेला होता, आणि त्या वळकटीत चौदाचा पाना अडकला होता. मुठीला लाल दोरा गुंडाळलेला. दादा तो शर्टाच्या खिशात घालूनच हिंडायचा. त्याच्या अंगावर तेवढाच सापडला नव्हता. भिंतीवरच्या फळीवर त्याचा खिळा वर्षभर रिकामा होता.

ताई स्टुलावर बसली. मग तिने गाडीवाल्याला फोन लावला.

“गाडी पुढून कधी ठोकली होती का? खालचा पत्रा वाकलाय.”

“हां… मागच्या वर्षी. कुत्रं आडवं आलं होतं. का हो?”

“काही नाही. सहज विचारलं.”

कुत्रं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाना दाखवून चौकीत काय सांगणार होती ती? तिने गाडी खाली घेतली, पुढचं चाक काढलं. ब्रेकचा बोल्टही त्याच मापाचा, चौदाचा.

पाना बसला. वास एकदम दाटून आला. घट्ट बोल्ट लोण्यासारखा फिरला. मुठीवर तिच्या हाताखेरीज आणखी कसलातरी भार होता.

अजून एक फेरा, की ब्रेक गेलाच.

वाऱ्यासाठी गाडीचं मागचं दार उघडं ठेवलं होतं. सीटवर लाल बूट दिसत होता.

“दादा,” ती म्हणाली, “यात पोरगी बसते.”

भार तसाच राहिला.

“तिने काय केलंय आपलं? काय ते तिच्या बापाशी बघ.”

हात हलका झाला.

तिने बोल्ट आवळला, दोनदा तपासला, चाक चढवलं. पाना फडक्याने पुसून फळीवर त्याच्या खिळ्याला लावला. गाडीत डोकं घालून पाहिलं. वास नव्हता.

संध्याकाळी तिघं आली. बायकोने आत बसून नाक फुलवून पाहिलं आणि खूश झाली. “गेला बाई एकदाचा!”

गाडीवाला मात्र आपलाच तळवा हुंगत होता. “ताई, तुमच्याकडे साबण आहे का? हाताला लागलाय वाटतं.”

“तुम्ही कुठे हात लावलात?” ताई म्हणाली.

तो मोरीकडे वळला.

“आई, बाबांच्या शर्टावर बघ,” पोरगी म्हणाली.

दोन खांद्यांच्या मधोमध खडूचा गोल होता. टोकं चुकलेली. बायकोने हाताने झटकला. गेला. शर्ट स्वच्छ दिसला. मग सावकाश, जणू आतून, तो पुन्हा उमटला.

“कशाचा डाग आहे हो हा?” बायकोने विचारलं.

ताईला सांगता आलं असतं.

“खडूचा,” ती म्हणाली. “गाडी आज तुम्हीच चालवा.”

गाडी गेल्यावर ती आवराआवर करायला वळली. हातात घेतलेला पाना काम पुरं झाल्याशिवाय खिळ्याला लावायचा नाही, असा दादाचा दंडक होता.

चौदाचा खिळा रिकामा होता.