न मागितलेली होडी

"हात काढा त्या होडीवरून!"

डर्व्हलाला इतक्या जोरात ओरडायचं नव्हतं. पण पबच्या मागच्या अंगणात, भुरभुरत्या पावसात, तिच्या बाबांची करख, म्हणजे सांगाड्यावर कापड ताणून बांधलेली हलकी होडी, दोन पिंपांवर पालथी ठेवली होती, आणि कुणी एक परका माणूस होडीच्या डांबर फासलेल्या पाठीला चक्क कान लावून उभा होता.

तो दचकून मागे सरला. "माफ करा... ऐकत होतो."

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, ज्यानं मला बांधलं त्याला घाई ठाऊक नव्हती."

डर्व्हला जवळ आली. त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब होते आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"मी फिंटन. केरीचा. होड्या बांधतो," तो म्हणाला. "हा असा वाक आमच्याकडे कुणाला साधत नाही. आज हिला जिंकून नेणार, समोर ठेवणार आणि हिची बहीण बांधणार."

"जिंकून? पोकर येतं तुम्हाला?"

"थोडंफार."

"थोडंफार येणारे इथे पहिल्या तासात घरी जातात," असं म्हणून ती आत गेली. तिच्या छातीत धडधडत होतं. रागानंच असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

वाऱ्यामुळे त्या रविवारची होड्यांची शर्यत रद्द झाली होती, म्हणून दर वर्षी शर्यतीनंतर होणारा पोकरचा सामना दुपारीच सुरू झाला. तो जीवरक्षक बोटीच्या मदतीसाठी असे. यंदाचं बक्षीस डर्व्हलाच्या बाबांनी दिलं होतं. त्यांची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. पोरगी गॉलवेला शाळेत शिकवते, घरात आता वल्ही मारणार कोण, असा विचार करून त्यांनी होडी देऊन टाकली. तिला विचारलं नाही. ती सुट्टीला आली, रिकामी पडवी पाहिली, आणि तीही काही बोलली नाही. त्या किनाऱ्यावर दिलेली कुठलीही वस्तू एक वेळ परत मागता येते, पण बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्यांच्या नावानं दिलेली नाही. विकत घेतली असती तरी बाबांनी होडी देऊन चूक केली, असंच गावाला सांगितल्यासारखं झालं असतं. उरलं होतं फक्त जिंकणं.

सगळ्यांना पैशांऐवजी लावायला सारख्या चकत्या मिळाल्या. चकत्या संपल्या की उठायचं. आपल्या हातात दोन पानं, मधे टेबलावर एकेक करून उघडणारी पाच. डर्व्हला दोन पानं बघायची आणि टाकायची. पुन्हा बघायची, पुन्हा टाकायची.

"डर्व्हला, खेळायला आलीस की पानं वाळत घालायला?" पॅकी खाटीक ओरडला.

"तू खेळ की, पॅकी. तुझी घरी कुणीतरी वाट बघत असेल."

"बघतेय ना. मी लवकर येऊ नये म्हणून!"

पॅकीच्या चकत्या तासाभरात संपल्या आणि तो बघ्यांत जाऊन उभा राहिला. त्याच्यामागून एकेक जण उठत राहिला. खुर्च्या रिकाम्या झाल्या, टेबलं जोडली गेली, आणि फिंटन नेमका तिच्या समोर येऊन बसला.

हातात खेळण्याजोगं काही नसलं की माणसाला बघायला वेळ मिळतो. डर्व्हला त्याला बघत राहिली. हरवायचं तर बघायलाच हवं, नाही का? त्याच्या नखांत डांबर होतं. हसताना डावी भुवई वर जायची. आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं... हातात काही नसलं की हा माणूस बोलतो. पानं भारी असली की गप्प होतो.

मग एकदा तिच्या हातात दोन राण्या आल्या. दुपारभरातली सगळ्यात चांगली पानं. तिनं चकत्या पुढे सारल्या. फिंटननं सगळ्याच्या सगळ्या लावल्या आणि खाली टेबलाकडे बघत बसला. एक शब्द नाही.

या राण्यांसाठी तर ती सबंध दुपार थांबली होती... तिनं पानं उलथी केली, लोकांना दाखवली आणि टाकून दिली.

"वेडी झालीस का गं?" पानं वाटणारी पबची मालकीण अ‍ॅट्रॅक्टा न राहवून म्हणाली.

फिंटननं आपली पानं उघडली. दोन राजे.

"तुम्हाला कसं कळलं?" त्यानं हळूच विचारलं.

"होडीनं सांगितलं."

संध्याकाळच्या चहाच्या सुमाराला दोघंच उरली. चकत्या अगदी सारख्या. डर्व्हलाच्या हातात नव्वीची जोडी आली. मधे पडली पानं – राजा, दश्शी, चव्वी, आणि मग दुर्री. फिंटननं खुर्ची पुढे ओढली आणि सगळ्या चकत्या मधोमध ढकलल्या.

त्याच्याकडे राजा असेल तर संपलंच. बाबांची होडी केरीला जाणार. पडवी कायमची रिकामी.

"जिंकलात तर मला एका फेरीला न्याल?" फिंटन म्हणाला. "वल्ही मी मारीन. तुम्ही नुसतं बसून रागवायचं."

"मला नुसतं बसता येत नाही."

"येतं की. दुपारपासून बघतोय... नुसतं बसणं इतकं सुंदर दिसतं हे माहीत नव्हतं मला."

पॅकीनं शीळ घातली. डर्व्हलाचे कान तापले. तो बोलत होता. म्हणजे हातात काही नव्हतं. पण... म्हणजे हे बोलणंही पोकळच? पानं पोकळ मानायची तर शब्दही पोकळ मानावे लागणार होते, आणि ते तिला आवडत नव्हतं.

"घ्या," ती म्हणाली, आणि होत्या नव्हत्या त्या चकत्या पुढे केल्या.

त्यानं पानं उघडली. राणी आणि गुलाम. अजून जोडी जमली नव्हती, पण शेवटचं पान बाकी होतं. एक्का, राणी, गुलाम, नव्वी – यातलं काहीही आलं की तो जिंकणार. अ‍ॅट्रॅक्टानं मुद्दाम एप्रनला हात पुसला. पान उलटलं.

चव्वी.

पॅकीनं डर्व्हलाला खुर्चीसकट उचललं. गलका ओसरला तेव्हा समोरची जागा रिकामी होती.

फिंटन अंगणात होता. पाऊस थांबला होता. तो टेपनं होडीचा वाक मोजत होता.

"मापं तरी नेतो," तो ओशाळून म्हणाला. "चालेल ना?"

मागून पॅकी आला. "ट्रॅक्टर आणतो, डर्व्हला."

"बाबांची होडी कधी चाकावर चढली नाही. खांद्यावरच जाईल." तिनं फिंटनकडे पाहिलं. "एकटीला उचलवत नाही."

दोघं पालथ्या होडीखाली शिरली. तो पुढे, ती मागे. आत अंधार, डांबराचा वास, आणि खाली नुसती दिसत होती ओल्या रस्त्यावरची पावलं.

"फिंटन," ती म्हणाली, "मघाशी डावात बोललास ते फसवायला होतं?"

"डाव फसवायला होता. शब्द... ते दुपारपासून साठले होते गं. फक्त चुकीच्या वेळी खर्च केले."

तिनं खांद्यावरची होडी सावरली.

"आमच्या घरात न बोलण्यापायी ही होडी गेली होती. दुसरं काही घालवायचं नाहीये मला. तू केरीला जाऊ नकोस... लगेच नको."

होडी एकदम थांबली. डर्व्हलाचं डोकं फळीवर आपटलं.

"आई गं! चाल ना!"

"चालतो... पाय ऐकत नाहीत."

घराच्या कुंपणाशी तिचा म्हातारा बाप उभा होता. समुद्राकडे तोंड करून आयुष्य गेलं, पण रस्त्यानं घरी चालत येणारी ती होडी बघून त्याला टोपी काढावीशी वाटली.

"तुला हवी होती?" तो कसाबसा म्हणाला. "बोलली नाहीस कधी."

"तुम्ही विचारलं नाहीत, बाबा."

म्हाताऱ्यानं वाकून होडीखाली पाहिलं.

"मागचे पाय ओळखले मी," तो म्हणाला. "पुढचे कुणाचे? का तेही विचारायचं नाही?"

"विचारा ना," आतून डर्व्हलाचा आवाज आला. "तुम्हाला दाखवायलाच आणलेत."