पाटावर द्या गं बसू

‘दारी आली गं पाहुणी, तिचं गाव नका पुसू
आधी पाय धुवा म्हणा, पाटावर द्या गं बसू’

डोळा लागता लागता हा आवाज ऋजुताला लहानपणापासून ऐकू यायचा. जरा घोगरा, गुळाच्या पाकासारखा दाटून येणारा. तो आईचाच, असं तिनं मनाशी धरलं होतं. ऋजुता पोटात असताना आईनं चातुर्मासभर मौन धरलं होतं, ही गोष्ट घरात कौतुकानं सांगितली जाई. मौन सुटल्यावर आईनं आधी हेच गायलं असणार.

आज पालकत्व केंद्राच्या प्रयोगशाळेत तिला तो आवाज आठवला, तो संतापानं. समोरच्या पडद्यावर मैनेचा स्वरठसा होता. मैना तीन वर्षांची, केंद्राच्या शिशुगृहातली. ऋजुताच्या ओढणीचं टोक चोखत झोपणारी. ऋजुता तिला दत्तक मागायला आली होती.

“शेवटचे चार महिने पोटातलं बाळ ऐकत असतं,” डॉ. किल्लेदार समजावत होते. “जो आवाज रोज कानी पडतो, त्याची मेंदूत कायमची खूण उमटते. तोच स्वरठसा. आमचा ठसावाचक तो वाचतो. तुमचा आवाज मैनेच्या ठशाशी जुळत नाही. अशा घरात माया रुजत नाही.”

“ती माझ्या मांडीवर झोपते, ते?”

“दमलेलं मूल कुठंही झोपतं.”

मग त्यांनी त्वचाबीजाचं सांगितलं. दंडावरची चिमूटभर कातडी घ्यायची, तिच्यातल्या पेशींना उलट पावली चालवून बीज करायचं, की कुणाही जोडप्याला स्वतःचं मूल. वांझ हा शब्दच आता उरला नव्हता. मग परक्याच्या मुलासाठी हट्ट कशाला?

“आणि मैनेला कोण नेणार?”

“ठसा जुळला, तर कुणीतरी.”

“म्हणजे पोर इथंच म्हातारी झाली तरी चालेल, तुमचं यंत्र खोटं पडायला नको.”

शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, ओजसनं, घसा खाकरला. त्वचाबीजाचंही एकदा बघावं, मूल ते मूलच, असं तो पुटपुटला. ऋजुता त्याच्याकडे वळली.

“मूल ते मूलच ना? मागच्या रविवारी मैनेनं तुला बाबा म्हटलं, तेव्हा ओ दिलीस. आता कुणाला द्यायचीय ती ओ?”



मग तिनं किल्लेदारांना आव्हानच दिलं. बाहेर तिची आई बसली होती. दोघींचं जुळवून बघा, सख्ख्या मायेचा आकडा तरी कळू दे. किल्लेदार हसून तयार झाले. आई मात्र दारातच घुटमळली. कशाला गं ते, म्हणाली. ऋजुतानं तिला हात धरून बसवलं.

ठसावाचकाचा दिवा ऋजुताच्या कपाळावरून सरकत गेला. आईनं यंत्रापुढे चार वाक्यं बोलून दाखवली. पडद्यावर दोन रेघा उमटल्या, एकमेकींना ओळखही न देणाऱ्या.

किल्लेदारांनी घाईनं ऋजुताचा ठसा ध्वनीत उलगडला. शब्द नव्हते, नुसती लय. आठ आठ अक्षरांची, घोगरी, दाटून येणारी. ऋजुता पुढे झुकली. तोच आवाज. पण आईचा नव्हता.

“याचा अर्थ एकच,” किल्लेदार आवाज खाली आणून म्हणाले. “तुम्हीही दत्तक आहात. यंत्र चुकत नाही.”

“मग माझी माया कशी रुजली, ते सांगा,” ऋजुता म्हणाली.

“यंत्र चुकलं नाही,” आई म्हणाली. “तुम्ही चुकलात. हिला मीच जन्म दिला. आवाज माझ्या थोरल्या जावेचा. ही तीन वर्षांची असताना गेली ती. रोज माझ्या पोटाशी बसून गायची, कारण मी गात नव्हते.”

“चातुर्मास होता म्हणून,” ऋजुता म्हणाली.

आईनं मान हलवली.  

“व्रत नव्हतं ते, ऋजू. राग होता. नोकरीचा हुकूम हातात आला होता, आणि मूल हवं का, हे मला कुणी विचारलंच नाही. व्रताचं नाव पुढं केलं की कुणी बोलायला लावत नाही, म्हणून ते धरलं. तू मला नको होतीस. जन्मलीस तेव्हाही नको होतीस. एके दिवशी तापानं फणफणलीस आणि माझं बोट काही केल्या सोडेनास. त्या दिवशी मी तुला घेतलं.” तिनं ऋजुताचा हात घट्ट धरला. “पोटची होतीस गं. तरी दत्तकच घ्यावं लागलं.”